निवेदक खोटं बोलला तर चालतं, मग खोटा फ्लॅशबॅक का चालत नाही?

अर्धविराम (धागाकर्ती)

रहस्यभेदाचा इशारा आधीच देऊन ठेवते. खाली जुन्या कलाकृतींची गुपितं फुटणार आहेत.

हिचकॉकचा 'स्टेज फ्राइट' (१९५०) सुरू होतो तो धावत्या गाडीत. जोनाथन आपल्या मैत्रिणीला, ईव्हला, काय घडलं ते सांगतो आणि कॅमेरा ते दाखवतो. रक्ताने माखलेल्या कपड्यांत नटी त्याच्या दारात येते, वगैरे. शेवटी कळतं की हे सगळं रचलेलं होतं. प्रेक्षक चिडले. पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना हिचकॉकनेही खोटा फ्लॅशबॅक ही आपली चूक होती असं कबूल केलं.

आता अ‍ॅगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) घ्या. निवेदक डॉक्टरच खुनी निघतो. तेव्हा वाद झाला, पण आज तीच कादंबरी कारागिरीचा नमुना म्हणून शिकवली जाते.

हा माध्यमाचा दोष की मांडणीचा? 'पडद्यावर दिसलं ते खरं' एवढ्या उत्तराने समाधान होत नाही, कारण कुरोसावाच्या 'राशोमोन'मध्येही दिसलेलं सगळं खरं नसतं आणि तिथे कुणीही चिडत नाही.

---

बोरूबहाद्दर

अ‍ॅक्रॉइडचं उदाहरण बरोबर आहे, पण तो डॉक्टर खोटं बोलत नाही. तो गाळतो. पत्र नऊला वीस मिनिटं कमी असताना आलं आणि आपण नऊला दहा मिनिटं कमी असताना खोलीतून निघालो, अशी दोन्ही वाक्यं तो लागोपाठ लिहितो, आणि दोन्ही खरी असतात. मधल्या दहा मिनिटांत खून झालेला आहे. शेवटी तो स्वतःच त्या जागेवर बोट ठेवतो आणि पहिल्या वाक्यानंतर चांदण्यांची ओळ (मध्ये काही गाळलंय हे दाखवणारी * * * अशी खूण) टाकली असती तर, असं विचारतो. वाचक मागे जाऊन तपासतो तेव्हा त्याला फट सापडते, थाप सापडत नाही. म्हणून राग येत नाही, उलट स्वतःच्या वाचनाची लाज वाटते.

गद्यात फसवण्याचे प्रामाणिक मार्ग मोजकेच आहेत. वेळ गाळायची, दोन्हीकडे लागू पडेल असं वाक्य लिहायचं, किंवा घटना खरी सांगून तिचा अर्थ चुकीचा लावायचा. तिसरा मार्ग सगळ्यांत समृद्ध, कारण तिथे निवेदक वाचकाला नाही, स्वतःला फसवत असतो. समीक्षक वेन बूथने १९६१मध्ये 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा रूढ केली तेव्हा तिचा गाभा थापेबाजी हा नव्हता. निवेदकाची मूल्यं आणि पुस्तकाची मूल्यं यांतलं अंतर हा होता. मराठीत ही संज्ञा आली आणि तिचा अर्थ 'शेवटी धक्का देणारा' एवढाच उरला.

चौथा मार्ग म्हणजे सरळ खोटं वाक्य. तेही चालतं, पण मग निवेदक कुणाला उद्देशून, कशासाठी लिहितोय हे पुस्तकात असायला हवं. जबानी, वकिलाला पत्र, मुलीसाठी ठेवलेली वही. ज्याला खोटं बोलायला गरज आहे त्याचंच खोटं वाचक मान्य करतो.

---

तिसरी_कात्री

पडद्याच्या बाजूने. 'मी'च्या प्रत्येक वाक्याला 'माझ्या मते' हे न लिहिता चिकटलेलं असतं. चित्राला ते नसतं. दार उघडतं म्हणजे उघडतं. चित्र कुणाचं आहे हे चित्राबाहेरून सांगावं लागतं, आणि ते किती वेळा सांगितलं यावर सगळं अवलंबून आहे.

'राशोमोन' (१९५०) हे कसं करतो पाहा. साक्षीदार न्यायालयाच्या अंगणात आपल्याकडे तोंड करून बसतात. न्यायाधीश दिसत नाही, त्याचा आवाजही नाही, साक्षीदार जणू प्रश्न ऐकून उत्तरं देतात. म्हणजे खुर्ची आपली. प्रत्येक कथनाची सुरुवात आणि शेवट त्या अंगणाशी बांधलेला आहे. शिवाय दुसरी जबानी आली की पहिली आपोआप 'त्याचं म्हणणं' ठरते. एकाच चित्राला खोटं ठरवायला दुसरं चित्र लागतं, शब्द पुरत नाहीत.

'स्टेज फ्राइट'मध्ये बांधणी एकदाच होते, गाडीतल्या चेहऱ्यावरून. नंतर समोर दुसरी आवृत्ती उभी राहत नाही आणि नायिकेची सगळी धडपड त्या पहिल्या कथनावर उभी केलेली आहे. शेवटी ते काढून घेतलं की नुसता फ्लॅशबॅक पडत नाही, तासाभराची गुंतवणूक बुडते. प्रेक्षकाचा राग तिथला आहे.

अवांतर: 'राशोमोन'ची मूळ कथा जपानी लेखक अकुतागावाची 'झुडपात' (१९२२). तिथे सात जबान्या आहेत, चौकट नाही, निकाल नाही. कुरोसावाने वेशीखाली पावसात अडकलेले तिघे आणि लाकूडतोड्याची दुसरी जबानी घातली, शेवटी तान्हं मूल आणलं. कथा विचारते, सत्य कळतं का? चित्रपट विचारतो, सत्य न कळताही माणसावर विश्वास ठेवता येतो का? नुसती चौकट बसवल्याने प्रश्न बदलला.

---

उशिराची_गाडी

मालिकांना तिसरंच हत्यार मिळतं, ते म्हणजे सवय.

'लॉस्ट' या अमेरिकी मालिकेने तीन सीझन एकच ढाचा चालवला. बेटावरची गोष्ट, मध्ये एका पात्राचा फ्लॅशबॅक. २००७मध्ये तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात दाढी वाढलेला, व्यसनात बुडालेला जॅक दिसतो आणि सगळे तो भूतकाळ समजतात. शेवटच्या दृश्यात त्याला भेटायला केट येते. बेटावर येण्यापूर्वी ते दोघं एकमेकांना ओळखतच नव्हते! म्हणजे हा भविष्यकाळ. एकही चित्र खोटं नव्हतं, त्यावर 'पूर्वी' असं लिहिलेलंही नव्हतं. ते लेबल प्रेक्षकाने लावलं. अर्धविराम यांच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. खोटं चित्रात न ठेवता चित्रांच्या क्रमाबद्दलच्या समजुतीत ठेवलं की प्रेक्षक स्वतःला दोष देतो.

दोन तासांच्या चित्रपटाला एवढी सवय लावायला वेळ नाही. तिथे एखादा संकेत निदान तीनदा तरी प्रामाणिकपणे वापरून मगच मोडावा. पहिल्यांदा कळतो, दुसऱ्यांदा पटतो, तिसऱ्यांदा दिसेनासा होतो. दुसऱ्याच वेळी मोडला तर प्रेक्षकाला ती संकलनातली चूक वाटते.

मालिकांची नेहमीची अडचण म्हणजे 'मागील भागात'. आठ भाग न दिसलेलं पात्र त्या चाळीस सेकंदांत झळकलं की आज ते येणार हे शेंबडं पोरही सांगेल. उपाय साधा आहे. ज्या दृश्याची आठवण करून द्यायची ते दुसऱ्याच कारणासाठी दाखवा. पात्र मध्यभागी नको, दुसऱ्या कुणाच्या वाक्यामागे कडेला उभं असू दे.

---

पानगळ

गद्यावर बोलणं चाललंय पण भाषेवर कुणी आलं नाही. ही सगळी तंत्रं मराठीत वेगळी वागतात. इंग्रजी कार्यशाळांची पुस्तकं वाचून लिहिणारे नेमके इथे अडखळतात.

'म्हणे' घ्या. 'तो त्या रात्री घरातच होता म्हणे.' दोन अक्षरांत निवेदकाने हात झटकले. आता चाळीस पानांनी त्याच निवेदकाला लिहू द्या, 'तो घरात होता तेव्हा जिन्यावरचा दिवा चालू होता.' म्हणे गळलं. ऐकीव गोष्टीची वस्तुस्थिती झाली आणि दहांतल्या नऊ वाचकांच्या ते लक्षात येत नाही. अविश्वसनीय निवेदक घडवायला याहून स्वस्त आणि प्रामाणिक अवजार नाही. 'असावा', 'बहुतेक', 'वाटतं' यांचंही तेच. कच्च्या खर्ड्यात हे शब्द पेन्सिलने खुणा करून मोजा. निवेदक कुठे खात्रीने बोलतो आणि कुठे चाचरतो याचा नकाशा मिळतो. खात्री भलत्या जागी असेल तर तिथेच त्याचं व्यंग आहे.

दुसरं, 'आपण'. पात्राच्या मनातलं 'त्याला वाटलं' न लिहिता सांगायचं असेल तर इंग्रजीत काळ मागे सरकवतात. मराठीला त्याची गरज नाही. ही तीन वाक्यं पाहा:

तो जिन्यावर थांबला. मी कुलूप लावलं होतं की नाही?
तो जिन्यावर थांबला. आपण कुलूप लावलं होतं की नाही?
तो जिन्यावर थांबला. त्याने कुलूप लावलं होतं की नाही?

पहिल्यात थेट पात्राचा आवाज. तिसऱ्यात विचारतंय कोण, निवेदक की पात्र, हे धूसर. मधलं दोघांच्या मध्ये उभं आहे, आवाज निवेदकाच्या लयीत पण शंका पात्राची. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेतने १९७२मध्ये 'बोलतो कोण' आणि 'पाहतो कोण' हे प्रश्न वेगळे केले. मराठीत तो भेद एका सर्वनामात दाखवता येतो.

बिघडतं कुठे? दृश्यात दोन माणसं असली की. मग 'आपण' म्हणजे 'तू आणि मी' असं वाचलं जातं. म्हणून 'आपण'चं पहिलं वाक्य पाहण्या-ऐकण्याच्या क्रियापदाला लगटून यावं, त्या परिच्छेदात दुसऱ्या माणसाचं नाव येऊ नये, आणि चारपाच वाक्यांनंतर पात्राचं नाव एकदा परत घ्यावं.

---

अर्धविराम

'म्हणे' गळण्याची कल्पना जबरदस्त आहे. पण 'आपण' वापरलं की मत पात्राचं की लेखकाचं, असा घोळ होणारच ना? काही वाचक ते लेखकाच्याच अंगाला चिकटवतील.

---

बोरूबहाद्दर

चिकटवतात, आणि एकदा तर प्रकरण न्यायालयात गेलं. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरवर १८५७मध्ये 'मादाम बोव्हारी'बद्दल अश्लीलतेचा खटला झाला. विवाहबाह्य संबंधानंतर नायिका एमाच्या मनात उसळलेला हर्ष निवेदकाच्याच वाक्यांत मिसळून आलेला आहे, 'तिला वाटलं' न म्हणता. सरकारी वकील पिनारने ते व्यभिचाराचं गौरवगान म्हणून वाचून दाखवलं. फ्लोबेर सुटला. पण वकील अगदीच मूर्ख नव्हता. लेखकाने निवाडा द्यायचं नाकारलं होतं आणि त्याला ती रिकामी जागा बोचली.

---

सरळसोट

जरा विरोधी सूर लावतो. वर सगळे 'लपवायचं कसं' यावर बोलताहेत. बहुतेक गोष्टींना लपवण्याची गरजच नसते.

हिचकॉकचंच टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे. प्रेक्षकाला माहीत नसताना तो फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. आधी दाखवला आणि माणसं गप्पा मारत बसली तर पंधरा मिनिटांचा ताण. शिवाय त्या फालतू गप्पांचा प्रत्येक शब्द जड होतो. अर्थ वाढतो तो माहिती दिल्याने.

आणि मर्यादित दृष्टिकोन वेगळा, खोटारडा निवेदक वेगळा. 'मेमेंटो' (२०००) पाहा. रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने, कृष्णधवल प्रसंग सरळ क्रमाने, आणि शेवटी दोन्ही एकमेकांना मिळतात. नायकाला नव्या आठवणी टिकवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक रंगीत प्रसंगात त्याच्यासारखंच आपल्यालाही आधी काय झालं ते ठाऊक नसतं. नुसत्या मांडणीने आपल्याला त्याचा आजार लावला. त्याने स्वतःला फसवणं हा वेगळा थर आहे आणि तो शेवटी उघडतो.

उलट टोकाचं उदाहरण १९४७चा 'लेडी इन द लेक'. जवळजवळ सबंध चित्रपट नायकाच्या डोळ्यांतून, तो दिसतो तो मुख्यतः आरशात. कागदावर वाटतं, याहून जवळीक कुठली! प्रत्यक्षात माणूस परका होतो, कारण चेहराच नाही. तो पाहतोय हे कळतं, त्याला काय वाटतंय हे कळत नाही. पडद्यावरचा 'मी' हा डोळ्याने होत नाही. तो चेहरा, त्याने पाहिलेली वस्तू, परत चेहरा, असा तीन तुकड्यांत होतो. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने मोजुखिन या नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या ताटलीशेजारी, शवपेटीशेजारी आणि स्त्रीशेजारी जोडला, ते याचसाठी महत्त्वाचं.

---

तिसरी_कात्री

सरळसोट, बॉम्बबद्दल सहमत. पण पानगळ यांच्या 'म्हणे'ने मूळ प्रश्नाचं कुलूप उघडलंय, ते सोडू नका.

चित्रालाही 'म्हणे' असतं. ते म्हणजे सांगणाऱ्याचा आवाज. दृश्यावर आवाज चालू आहे तोवर दृश्य त्याचं. आवाज बंद झाला, दृश्यातली माणसं स्वतः बोलू लागली की 'म्हणे' गळलं. त्यामुळे खोट्या फ्लॅशबॅकची कृती अशी होते: पहिल्यांदा ते दृश्य आवाजाखाली दाखवा, आणि आवाज मध्येच थोडा ऐकू येऊ द्या. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर निदान एकदा परत या, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरही, कारण शंका त्याच्याकडून येते. वीसपंचवीस मिनिटांनी तोच शॉट आवाजाशिवाय, दुसऱ्या कुणाची आठवण म्हणून येऊ द्या. आता ते 'घडलेलं' झालं. शेवटी ते मोडलं तर प्रेक्षकाला मागे जाऊन पहिला आवाज सापडतो. चांदण्यांची ओळ म्हणतात ती हीच.

बिघडण्याच्या जागा:

सांगणारा जिथे नव्हता तिथलं काही दाखवलं. बंद दाराआडचं संभाषण खोट्या कथनात घातलं की चित्रपटच खोटं बोलला, पात्र नाही. प्रत्येक शॉटला विचारा, हे त्याला कसं माहीत?

निवेदन नंतर डकवलं. संकलनाच्या टेबलावर गोष्ट कळेना म्हणून आवाज घातला की तो डोळ्यांना दिसतंय तेच पुन्हा सांगतो. चित्र आणि आवाज यांत तफावत असेल तरच आवाजाला काम आहे. माणूस म्हणतो 'आम्ही आनंदात होतो' आणि टेबलावर दोन वेगवेगळी वर्तमानपत्रं उघडी आहेत, एवढंही पुरे.

उलगडा लांबला. सगळे जुने दुवे गोळा करून दीड मिनिटाची उजळणी करतात आणि प्रेक्षकाला मठ्ठ ठरवतात. तीन शॉट, प्रत्येकी दोन सेकंद. त्यांतला एक तरी असा हवा की जो आधी पूर्ण दिसला होता आणि तरी कळला नव्हता. नवाच कोन काढून दाखवलात तर ती लबाडी.

कागदावर तपासायचं तर तीन रकाने आखा. काय घडलं, काय दाखवलं, प्रेक्षक काय समजला. पहिला आणि तिसरा वेगळे असलेच पाहिजेत. पहिला आणि दुसरा जिथे वेगळे आहेत तिथे शेजारी सांगणाऱ्याचं नाव लिहा. नाव लिहिता आलं नाही तर दृश्य बाद.

---

सरळसोट

तीन रकाने मान्य. या हिशेबात 'स्टेज फ्राइट' सुटतो की काय? नाव लिहिता येतं, जोनाथन.

---

तिसरी_कात्री

नियमाने सुटतो, परिणामाने नाही. नाव एकदाच लिहिलं गेलं आणि प्रेक्षक ते विसरला. आता पाहणाऱ्यांना तो चित्रपट तितका खटकत नाही हेही खरं, कारण मधल्या काळात असे फ्लॅशबॅक भरपूर होऊन गेले. संकेत शिळे होतात.

---

उशिराची_गाडी

गद्यवाल्यांना एक प्रश्न. 'मी'ची गोष्ट भूतकाळात असते. म्हणजे लिहिताना त्याला शेवट माहीत आहे. मग लपवणं हीच लबाडी नाही का?

---

बोरूबहाद्दर

म्हणून लिहिण्याचा क्षण ठरवावा लागतो. एका 'मी'त दोन वयं असतात, भोगणारा आणि सांगणारा. 'श्यामची आई'त प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, कारण मोठा श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना सांगतोय. चुका करणारा लहान श्याम आणि त्यांचा अर्थ लावणारा मोठा श्याम एकाच वाक्यात येतात. सांगणारा कोण, कुठे, कुणासमोर हे ठरलेलं असल्यामुळे तो भावविवशता आणि उपदेश पेलतो. चौकट काढून तोच मजकूर नुसता छापला असता तर जड झाला असता.

रोजनिशीत उलट. लिहिणाऱ्याला उद्या माहीत नाही, त्यामुळे लपवण्याचा आरोप येत नाही. पण एक पथ्य आहे. बुधवारच्या नोंदीत गुरुवारचं शहाणपण दिसता कामा नये. 'तेव्हा मला कुठे ठाऊक होतं' हे वाक्य रोजनिशीत आलं की रोजनिशी मेली.

---

अर्धविराम

पानगळ, निवेदकाचं लिंग लपवायचं असेल तर? इंग्रजीत 'मी' म्हटलं की झालं. जीनेट विंटरसनच्या १९९२च्या एका कादंबरीत निवेदक पुरुष की स्त्री हे शेवटपर्यंत कळत नाही. मराठीत 'गेलो-गेले' आलं की संपलं.

---

पानगळ

अवघड आहे, अशक्य नाही. मराठीचा भूतकाळच तुम्हाला मदत करतो. सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून 'मी दार उघडलं', 'मी पत्र वाचलं' यात काही फुटत नाही. 'मी म्हणालो' नको, 'मी म्हटलं' घ्या. 'मी जाईन' चालतं. 'मी जात होतो' नको, 'मी जात असे' चालतं. 'झोपलो' ऐवजी 'डोळा लागला'. 'मला' ने सुरू होणारी वाक्यं हा हक्काचा आसरा, 'मला जावं लागलं', 'मला दिसलं'.

सापळे म्हणजे सकर्मक असूनही कर्त्याप्रमाणे चालणारी क्रियापदं: विसरलो, शिकलो, बोललो, प्यायलो. आणि आकारान्त विशेषणं, 'मी एकटा'. इतरांनी निवेदकाला 'तू' म्हटलं की 'आलास-आलीस' येणार, म्हणून सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायला लावा. 'आलात' दोघांनाही चालतं. अर्थात मग निवेदक वयाने किंवा मानाने मोठा ठरतो आणि त्याला जवळचं कुणीच उरत नाही. हा खर्च गोष्टीला परवडतो का ते पाहा. एकाकी निवेदक हवाच असेल तर तो खर्च नाही, कमाई आहे.

खुन्याचं लिंग लपवायचं तर सोपं. 'कुणीतरी आलं', 'आकृती हलली', 'पावलं वाजली'.

---

अर्धविराम

प्रयत्न करून पाहिला. तपासा:

'अकराला मी दिवा मालवला. झोप येईना. जिन्यावर पावलं वाजली तशी उठून दाराची कडी काढली. बाहेर कुणीच नव्हतं. वरून हाक आली, "अजून जागे आहात?" मी म्हटलं, "झोपेन आता." अंग शिणलं होतं, पण कान टक्क उघडे होते.'

---

पानगळ

क्रियापदं सगळी स्वच्छ. फुटलंय ते वरून आलेल्या हाकेत. बाईला 'जाग्या आहात' म्हटलं असतं, 'जागे' म्हणजे तुमचा निवेदक पुरुष. तिथे 'अजून झोप नाही?' करा.